सवलत आणि समायोजन : उच्च शिक्षणातील दिव्यांग विद्यार्थ्यांचा प्रश्न

परीक्षेचा हंगाम जवळ आला की महाविद्यालयांच्या सूचनाफलकांवर ‘दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी सवलती’ अशा मथळ्याची एक सूचना लागते. लेखनिक, वाढीव वेळ, तळमजल्यावरील बैठकव्यवस्था अशा दोनतीन गोष्टींचा तीत उल्लेख असतो आणि अर्ज किती तारखेपर्यंत करावा हे सांगितलेले असते. सूचना उपयुक्त असते, याबद्दल वाद नाही. परंतु तिच्या मथळ्यातील ‘सवलत’ हा शब्द विचार करण्याजोगा आहे. एस. टी. च्या भाड्यात सवलत मिळते, शुल्कात सवलत मिळते. जे देणे नियमाने येते त्यात देणाऱ्याने आपण होऊन केलेली सूट, असा या शब्दाचा अर्थ आहे. सवलतीने घेणारा उपकृत होतो, आणि ज्याला ती मिळालेली नसते त्याच्या मनात ‘याला अधिक का?’ हा प्रश्न उभा राहतो. वर्गातील सहाध्यायी, पर्यवेक्षक, क्वचित प्राध्यापकही हा प्रश्न मनातल्या मनात विचारीत असतात. उच्च शिक्षणातील दिव्यांग विद्यार्थ्यांविषयी भारतीय कायद्याने स्वीकारलेली कल्पना मात्र सवलतीची नाही. तिला मराठीत ‘वाजवी समायोजन’ असे म्हणता येईल. या दोन कल्पनांतील अंतर शब्दापुरते नाही. परीक्षागृहात, ग्रंथालयात व मौखिक परीक्षेच्या टेबलापाशी प्रत्यक्षात काय घडते, हे त्या अंतरावर अवलंबून असते.

मराठवाड्यातील वाचकाला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. १९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता व येथील उच्च शिक्षण १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाशी बांधलेले होते. त्या विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. बीड किंवा परभणीकडील मराठीभाषी विद्यार्थ्याला पदवी हवी असेल तर इतिहास असो की रसायनशास्त्र, ते त्याला उर्दूतून आत्मसात करावे लागे. काहींनी ते उत्तम प्रकारे केले. ज्यांना ते जमले नाही त्यांच्या जिभेत किंवा बुद्धीत काही व्यंग होते, असे मात्र कोणी म्हणणार नाही. अडथळा विद्यार्थ्याच्या ठिकाणी नव्हता. तो संस्थेच्या रचनेत होता. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय काढले, जे पुढे मिलिंद महाविद्यालय या नावाने ओळखले जाऊ लागले. पुढे २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली. या दोन्ही घटनांत शिक्षणसंस्थाच विद्यार्थ्याच्या दिशेने सरकली. विद्यापीठ मराठवाड्याच्या दारी आणणे ही या प्रदेशाला दिलेली सवलत होती, असे आज कोणी लिहील काय?

शारीरिक अपंगत्वाच्या बाबतीत हा युक्तिवाद जसाच्या तसा लावता येत नाही, हेही येथेच नमूद करावयास हवे. परभाषेचा अडथळा दूर केला की तो पूर्णपणे नाहीसा होतो. सांध्यांचे दुखणे किंवा दृष्टीचा अभाव रॅम्प बांधल्याने नाहीसा होत नाही. १९७० नंतरच्या दशकात इंग्लंडमधील अपंगांच्या संघटनांनी शरीरातील उणीव आणि समाजरचनेने तिच्यावर लादलेली असमर्थता या दोहोंत भेद केला. त्यावर पुढे बरीच टीकाही झाली, आणि त्या टीकेत तथ्य आहे. तथापि महाविद्यालयाच्या दृष्टीने हा भेद फार कामाचा आहे. विद्यार्थ्याची दृष्टी ही महाविद्यालयाच्या अखत्यारीतील गोष्ट नव्हे. प्रश्नपत्रिका कोणत्या रूपात छापावयाची, ही मात्र निश्चितपणे आहे.

कायद्याचा प्रवास थोडक्यात सांगता येईल. संविधानाच्या ४१ व्या अनुच्छेदात बेकारी, वार्धक्य व आजारपण यांच्याबरोबर अपंगत्वाचाही उल्लेख आहे व अशा प्रसंगी शिक्षणाच्या व साहाय्याच्या हक्कासाठी राज्याने आपल्या आर्थिक मर्यादेत तरतूद करावी, असे म्हटले आहे. हा निदेशक तत्त्वांचा भाग असल्याने न्यायालयामार्फत त्याची थेट अंमलबजावणी करून घेता येत नव्हती. १९९५ च्या अधिनियमाने प्रथमच सात प्रकारची अपंगत्वे मान्य करून शासकीय व अनुदानित शिक्षणसंस्थांत किमान ३ टक्के जागा राखून ठेवल्या. भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या अपंग-हक्कविषयक कराराला अनुसमर्थन दिले आणि त्याला अनुसरून केलेला दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. मान्य अपंगत्वांची संख्या सातावरून एकवीसवर गेली. अध्ययन-अक्षमता, थॅलेसेमिया, सिकलसेल, मल्टिपल स्क्लेरोसिस यांचा तीत समावेश झाला. कलम ३२ ने उच्च शिक्षणातील राखीव जागा किमान ५ टक्के केल्या व वयोमर्यादेत पाच वर्षांची सूट दिली. ‘अपंग’ या शब्दाऐवजी ‘दिव्यांग’ हा शब्द शासकीय व्यवहारात याच सुमारास आला. त्यावर मतभेद आहेत. ज्यांच्याविषयी तो योजला जातो त्यांच्यापैकीही अनेकांना तो रुचत नाही. पण नावाच्या वादात फार वेळ घालविण्यापेक्षा त्याच अधिनियमाच्या व्याख्यांकडे वळणे अधिक फलदायी आहे.

कारण राखीव जागांहूनही अधिक महत्त्वाची गोष्ट त्या व्याख्यांत आहे. अपंग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने आपले हक्क उपभोगता यावेत म्हणून, विशिष्ट प्रसंगी प्रमाणाबाहेर बोजा न पडू देता, केलेला आवश्यक व योग्य बदल म्हणजे वाजवी समायोजन, असा व्याख्येचा आशय आहे. आणि भेदभावाच्या व्याख्येत असे समायोजन नाकारणे हाही भेदभावच होय, असे म्हटले आहे. राखीव जागा समूहाला मिळते. समायोजन एका व्यक्तीला, तिच्या विशिष्ट गरजेप्रमाणे मिळते. राखीव जागेने विद्यार्थी प्रवेशद्वारातून आत येतो, पण आत आल्यावर त्याने वाचावयाचे कसे, लिहावयाचे कसे, प्रयोगशाळेच्या ओट्यापर्यंत पोहोचावयाचे कसे, याचे उत्तर राखीव जागेत नसते.

या संज्ञेचा उगम अपंगत्वाच्या क्षेत्रात झालेला नाही, ही गोष्ट जिज्ञासूंना मनोरंजक वाटेल. अमेरिकेच्या नागरी हक्कविषयक कायद्यात १९७२ साली झालेल्या दुरुस्तीत ती कामगाराच्या धर्माचरणासंबंधी आली : एखाद्याचा धर्म शनिवारी काम करू देत नसेल तर मालकाने, अवाजवी अडचण होत नसल्यास, कामाच्या वेळेत फेरफार करावा. तेथून ती अपंगांच्या कायद्यात आली. शनिवार पाळणाऱ्याला सुटी दिल्याने त्याच्यावर उपकार होतो असे कोणी मानले नाही. आठवड्याचे वेळापत्रक मुळात दुसऱ्या धर्माच्या लोकांच्या सोयीने आखलेले होते, एवढेच त्यातून ध्यानात आले.

समायोजनाला मर्यादा आहेत आणि त्या कोठे पडतात हाच विद्यापीठीय विद्वानांच्या दृष्टीने खरा प्रश्न आहे. अभ्यासक्रमाचे जे गाभ्याचे उद्दिष्ट असेल ते बदलण्याची सक्ती कोणावर होऊ शकत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७९ साली परिचर्या महाविद्यालयासंबंधीच्या डेव्हिस खटल्यात, गंभीर श्रवणदोष असलेल्या उमेदवाराला प्रवेश देण्यासाठी अभ्यासक्रमाचे स्वरूपच पालटावे लागेल, असे म्हणून महाविद्यालयाच्या बाजूने निर्णय दिला. त्या निर्णयाने गाभ्याचा आणि सवयीचा भाग वेगळा करण्याची दृष्टी दिली. पण ‘आमच्या अभ्यासक्रमाला हे चालणार नाही’ एवढे म्हणून हात झटकण्याची वाटही त्याने काही संस्थांना दाखविली. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ओंकार गोंड खटल्यात १५ ऑक्टोबर २०२४ रोजी दिलेला निर्णय या संदर्भात वाचण्यासारखा आहे. महाराष्ट्रातील हा विद्यार्थी वैद्यकीय शिक्षणास पात्र होता, परंतु त्याचे वाचा व भाषाविषयक अपंगत्व ४४ ते ४५ टक्के ठरले होते. त्या वेळच्या नियमांनी मोठी विचित्र अवस्था निर्माण केली होती : चाळीस टक्क्यांहून कमी अपंगत्व असेल तर राखीव जागा नाही, आणि चाळीस वा अधिक असेल तर अभ्यासक्रमालाच अपात्र. अपंगत्वाचा टक्का हा एकटा निकष प्रवेश नाकारण्यास पुरेसा नाही. हा विद्यार्थी हा अभ्यासक्रम पूर्ण करू शकेल किंवा नाही, याची प्रत्यक्ष तपासणी वैद्यकीय मंडळाने केली पाहिजे व त्याची कारणे दिली पाहिजेत, असे न्यायालयाने ठरविले. नव्या मंडळाचा अभिप्राय अनुकूल आला व त्याला प्रवेश मिळाला. ‘काय येत नाही’ या प्रश्नाची जागा ‘काय करता येते व त्यासाठी काय लागेल’ या प्रश्नाने घेतली, हे या निर्णयाचे मर्म होय.

आता परीक्षागृहाकडे वळू, कारण महाविद्यालयीन जीवनात समायोजनाचा प्रश्न सर्वांत तीव्रपणे तेथेच उभा राहतो.

केंद्र शासनाच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी लेखनिक घेणाऱ्या परीक्षार्थीस दर तासामागे किमान २० मिनिटे वाढीव वेळ द्यावा, असे ठरविले. म्हणजे तीन तासांच्या प्रश्नपत्रिकेला चार तास. ही वीस मिनिटे कशाची? डोळस विद्यार्थी उत्तर लिहिताना क्षणोक्षणी मागे नजर टाकतो. तिसऱ्या परिच्छेदात काय लिहिले होते, मुद्दा पुन्हा तर येत नाही ना, हे तो अर्ध्या सेकंदात पाहून घेतो. लेखनिकाला सांगणारा विद्यार्थी हे करू शकत नाही. त्याला मागचे वाचून घ्यावे लागते, चुकलेले नाव दोनदा उच्चारावे लागते, विरामचिन्ह सांगावे लागते. प्रश्न निवडतानाही तो पूर्ण प्रश्नपत्रिका एकदा ऐकतो व मग स्मरणात ठेवून निवड करतो. वाढीव वेळेत तो इतरांपेक्षा अधिक विचार करीत नाही. विचार कागदावर उतरविण्याचा त्याचा मार्गच लांबचा आहे.

तरीही वाढीव वेळेने अन्याय्य लाभ होतो काय, ही शंका गैर म्हणता येणार नाही, आणि तिला शास्त्रीय उत्तर आहे. मापनशास्त्राची भूमिका अशी की, परीक्षा जे मोजू पाहते त्यापेक्षा वेगळी एखादी गोष्ट गुणांत मिसळली तर माप बिघडते. अर्थशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेला हस्ताक्षराचा वेग मोजावयाचा नसतो; परंतु ज्याचा हात आखडतो त्याच्या बाबतीत ती नकळत तेच मोजते. वाढीव वेळ ही मिसळण काढून टाकते. याउलट टंकलेखनाच्या परीक्षेत वेग हाच विषय असतो, आणि तेथे हा युक्तिवाद लागू पडत नाही. एक पाऊल पुढे जाऊन असेही म्हणता येईल की, एक तास अधिक दिल्याने वर्गातील सर्वच विद्यार्थ्यांचे गुण सारख्या प्रमाणात वाढत असतील तर दोष प्रश्नपत्रिकेचा आहे. तीन तासांत पुरे होणार नाही अशी प्रश्नपत्रिका काढून तिला ‘कसोटी’ म्हणण्याची आपल्याकडील रीत या निमित्ताने तपासून पाहावयास हरकत नाही.

हे तत्त्व व्यवहारात किती नाजूक आहे हे २३ नोव्हेंबर २०२१ च्या अवनी प्रकाश खटल्यातून दिसते. लेखन-अक्षमता असलेल्या विद्यार्थिनीला वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत नियमाने मिळावयाचा एक तास मिळाला नाही. केंद्रावरील पर्यवेक्षकांना नियमाची पुरेशी माहितीच नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा परीक्षा घेण्याचा आदेश दिला नाही, पण परीक्षा घेणाऱ्या संस्थेने या अन्यायाचे निवारण कसे करता येईल याचा आठवड्याच्या आत विचार करावा असे सांगितले, आणि परीक्षा-केंद्रांवरील माणसांना प्रशिक्षण देण्याची आवश्यकता दाखवून दिली. गेलेला तास परत देण्याची रीत कोणालाच ठाऊक नाही. म्हणूनच परीक्षेच्या सकाळी केंद्राध्यक्षाच्या टेबलावर कोणता कागद असतो, याला न्यायालयाच्या निर्णयाइतकेच महत्त्व आहे.

लेखनिकाचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. २०१३ च्या केंद्रीय सूचनांनी लेखनिकाच्या शिक्षणावर वा वयावर बंधन घालू नये असे म्हटले होते. २०१८ च्या सूचनांनी, परीक्षार्थीने स्वतः आणलेला लेखनिक शिक्षणाने त्याच्यापेक्षा एक पायरी खाली असावा, असे ठरविले. लबाडीला आळा घालणे हा हेतू उघड आहे. मात्र त्याची किंमत प्रामाणिक विद्यार्थ्याला मोजावी लागली. गणिताच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला संकलनाचे चिन्ह कधी न लिहिलेला लेखनिक मिळाला तर प्रत्येक समीकरण त्याला चित्र सांगावे तसे सांगावे लागते. भाषेच्या विद्यार्थ्याची अडचण निराळी : ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका लेखनिक करतो आणि गुण परीक्षार्थीचे जातात. शुद्धलेखन हाच प्रश्नाचा विषय असेल तर अक्षर न् अक्षर सांगण्याची संधी परीक्षार्थीस दिली पाहिजे; तसे नसेल तर त्या चुकांचे गुण कापण्यास आधारच उरत नाही. परंतु उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला ती कोणाच्या हातची आहे हे ठाऊक नसते, आणि गुप्ततेच्या दृष्टीने ते ठाऊक नसणेच बरे. त्यामुळे हा निर्णय परीक्षकावर न सोपविता परीक्षा मंडळाने आधीच करून ठेवावयास हवा.

लेखनिक शोधण्याचा भारही आजवर बहुधा विद्यार्थ्यावरच राहिला. शहरात ओळखीपाळखीने कोणी मिळतो. तालुक्याच्या गावी, कापूस वेचणीच्या किंवा ऊसतोडीच्या दिवसांत, सहा पेपरांसाठी सहा सकाळी रिकामा असणारा तरुण शोधणे सोपे नाही. १ ऑगस्ट २०२५ च्या सुधारित केंद्रीय सूचनांचा कल परीक्षा घेणाऱ्या संस्थांनी स्वतःच लेखनिकांची यादी सिद्ध ठेवावी याकडे आहे. यातील ‘स्वतःच’ हा शब्द सवलतीची कल्पना सोडून समायोजनाच्या कल्पनेकडे नेणारा आहे. अर्थात, अनोळखी लेखनिकाशी परीक्षार्थीचे सूर जुळावयास वेळ लागतो. परीक्षेपूर्वी एखादा दिवस तरी दोघांची भेट घडवावी लागेल.

लेखनिक कोणाला मिळावा, यावरही न्यायालयांना बोलावे लागले. विकाश कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या खटल्यातील उमेदवाराचा हात लिहिताना आखडत असे, पण प्रमाणपत्राच्या भाषेत त्याचे अपंगत्व चाळीस टक्के भरत नव्हते. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, चाळीस टक्क्यांची अट राखीव जागांसाठी आहे; समायोजनासाठी ती लावता येणार नाही. त्यानंतर १० ऑगस्ट २०२२ रोजी अशा परीक्षार्थींसाठी निराळ्या सूचना निघाल्या आणि ३ फेब्रुवारी २०२५ च्या गुलशन कुमार खटल्यात न्यायालयाने हा मुद्दा पुन्हा ठामपणे मांडला. महाविद्यालयांच्या कार्यालयात ‘चाळीस टक्के आहे का?’ हा पहिला प्रश्न अजून ऐकू येतो. शुल्कमाफी किंवा राखीव जागा यांच्या बाबतीत तो योग्य आहे. लेखनिकाच्या अर्जाच्या बाबतीत तो चुकीचा आहे.

वाढीव वेळ हे सर्व दुखण्यांवरचे औषध मात्र नव्हे. मराठवाड्यात उन्हाळी परीक्षांच्या काळात पारा चाळिशीच्या पुढे असतो. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णाची दृष्टी व स्नायूंची शक्ती शरीराचे तापमान वाढले की तात्पुरती मंदावते, हे वैद्यकशास्त्राला दीर्घकाळ ठाऊक आहे. अशा विद्यार्थ्याला तापलेल्या खोलीत चौथा तास देणे म्हणजे शिक्षाच. त्याला हवी असते ती सकाळची वेळ, गार खोली, किंवा मध्ये घड्याळ थांबवून दिलेली दहा मिनिटांची विश्रांती. छापील अर्जात ‘लेखनिक’ आणि ‘वाढीव वेळ’ एवढ्या दोनच चौकटी असतील तर त्याची गरज त्या अर्जात मावत नाही.

परीक्षा वर्षातून दोनदा येते; वाचन रोजचे आहे. अंध विद्यार्थ्याच्या वाचनाचा प्रश्न एके काळी ब्रेल लिपीचा होता. १९५१ साली सर्व भारतीय भाषांसाठी समान अशी भारती ब्रेल स्वीकारली गेली, परंतु पदव्युत्तर अभ्यासाची पुस्तके ब्रेलमध्ये क्वचितच उतरली. संगणकाने हे चित्र पालटले. पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखविणारी स्क्रीन रीडर प्रणाली आज विनामूल्य मिळते व ती मराठी वाचते. मग अडते कोठे? अडते ते एका अगदी क्षुल्लक वाटणाऱ्या जागी. विभागांतून वाटल्या जाणाऱ्या टिपणांचा व जुन्या प्रबंधांचा मोठा भाग श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा जुन्या टंकांत बसविलेला असतो. या टंकांत देवनागरीची आकृती रोमन अक्षराच्या जागी बसविलेली असते. डोळ्याला ‘मराठवाडा’ दिसते, परंतु संगणकाच्या स्मृतीत रोमन अक्षरांचा निरर्थक पुंजका असतो, आणि स्क्रीन रीडर तोच वाचतो. युनिकोडमध्ये बसविलेला मजकूर मात्र तो नीट वाचतो. छायाचित्राच्या रूपात साठविलेली पाने तर त्याला कोरीच दिसतात. त्यांतील अक्षरे आधी ओळखून घ्यावी लागतात. शोधगंगेवर प्रबंध ठेवला गेला म्हणजे तो सर्वांना उपलब्ध झाला, ही समजूत त्यामुळे अर्धसत्य ठरते.

येथे खर्चाचा प्रश्न जवळजवळ नाहीच. कायद्याचीही आडकाठी नाही : प्रताधिकार कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने अपंग वाचकांसाठी पुस्तक सुगम रूपात आणण्यास मुभा दिली, २०१३ च्या माराकेश कराराला अनुसमर्थन देणारा भारत हा पहिला देश होता, २०१६ साली ‘सुगम्य पुस्तकालय’ हा ऑनलाइन संग्रह सुरू झाला. एखाद्या विभागाने या वर्षापासूनची टिपणे, प्रश्नसंच व प्रबंध युनिकोडमध्येच स्वीकारावयाचे ठरविले तर एका अंध विद्यार्थ्याचा प्रश्न सुटतो आणि शब्दशोध करणाऱ्या इतर संशोधकांचीही सोय होते.

अध्ययन-अक्षमतेचा उल्लेख स्वतंत्रपणे करावा लागतो, कारण ती दिसत नाही. १९९५ च्या कायद्यात ती नव्हती. मोठ्या शहरांतील इंग्रजी शाळांत तिची ओळख बरीच आधी पटली. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी मात्र पदव्युत्तर वर्गापर्यंत ‘आळशी’ किंवा ‘हस्ताक्षर वाईट’ या शेऱ्यांवरच निभावून आलेला असतो. याला एक शास्त्रीय कारणही आहे. वाचन-अक्षमतेच्या प्रचलित चाचण्या प्रामुख्याने इंग्रजीसाठी तयार झालेल्या होत्या. इंग्रजीत उच्चार व अक्षर यांचे नाते विस्कळित आहे. देवनागरीत ते सरळ आहे, पण जोडाक्षरे, रफार व मात्रांची मांडणी यांचा भार डोळ्यावर पडतो. त्यामुळे मराठी वाचणाऱ्याच्या चुका निराळ्या प्रकारच्या असतात. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने भारतीय भाषांसाठी ‘डाली’ ही चाचणी तयार केली व तीत मराठीचा समावेश केला, तो या दृष्टीने महत्त्वाचा आहे. शिक्षणशास्त्र, मानसशास्त्र आणि मराठी या तीन विभागांना एकत्र आणणारा संशोधनविषय येथे वाट पाहत आहे. प्रौढ मराठी वाचकांसाठी कोणती प्रमाणके लावावीत, या एका प्रश्नावरही चांगला प्रबंध होऊ शकेल.

इमारतींविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. त्याविषयी नियम आहेत आणि २०१७ नंतरच्या ‘नॅक’ मूल्यांकनात अडथळामुक्त परिसरासाठी स्वतंत्र निकषही होता. त्यामुळे रॅम्प झाले. काही रॅम्प छायाचित्रात शोभतात पण त्यांचा चढ व्हीलचेअरला झेपत नाही, आणि काहींच्या माथ्यावर कुलूपबंद दरवाजा असतो, हे कोणत्याही जिल्ह्यात फिरणाऱ्याला दिसेल. डोंगराच्या पायथ्याशी पसरलेल्या विद्यापीठ-परिसरात दोन विभागांमधील अंतर हाच मोठा अडथळा ठरतो, आणि त्यावर उपाय बांधकामाचा नसून वेळापत्रकाचा असतो : लागोपाठचे दोन तास एकाच इमारतीत ठेवणे.

इतिहास, पर्यटन किंवा भूगोल या विषयांत क्षेत्रभेटीचा प्रश्न येतो. अजिंठा व वेरूळ ज्या विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात आहेत तेथे तो टाळता येणारच नाही. अजिंठ्याच्या पायऱ्या चढू न शकणाऱ्या विद्यार्थ्याला भेटीतून वगळून ‘घरी बसून निबंध लिही’ असे सांगणे ही सवलत झाली. त्या भेटीत विद्यार्थ्याने काय शिकावयाचे आहे हे आधी ठरविले तर दुसरा मार्ग दिसतो. शैलीभेद ओळखणे, स्थापत्याचे मोजमाप, नोंद घेण्याची शिस्त, यांपैकी जे उद्दिष्ट असेल त्याप्रमाणे वेरूळची तुलनेने सुलभ लेणी निवडता येतात, सहाध्यायाबरोबर जोडीने नोंदी करता येतात, आणि अंध विद्यार्थ्यासाठी लेण्याच्या आराखड्याची उठावाची प्रतिकृती करता येते. चढण्याची क्षमता हे उद्दिष्ट कोणत्याच अभ्यासक्रमात लिहिलेले नसते.

२०११ च्या जनगणनेत देशातील अपंग व्यक्तींची संख्या सुमारे २ कोटी ६८ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के होती. महाराष्ट्रात ती सुमारे २९ लाख ६३ हजार होती. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणात २०२१-२२ साली ४ कोटी ३३ लाख विद्यार्थ्यांपैकी अपंग म्हणून नोंदलेले विद्यार्थी नव्वद हजारांहूनही कमी, म्हणजे हजारी दोन एवढेच होते. लोकसंख्येत वृद्धांचा भाग मोठा असल्याने हे दोन आकडे सरळ शेजारी ठेवता येत नाहीत. शिवाय ज्याने प्रवेश-अर्जात आपले अपंगत्व लिहिलेच नाही तो या गणनेत येत नाही. अर्जात लिहिल्याने काय मिळेल हे स्पष्ट नसेल, आणि काय गमवावे लागेल याची धास्ती असेल, तर न लिहिण्याचा निर्णय समंजसपणाचाच ठरतो. मुलींच्या बाबतीत विवाहाचा विचार या धास्तीत भर घालतो.

या आकड्यांत मौखिक परीक्षेला बसणारा तोतरा विद्यार्थीही दिसत नाही. त्याचा टक्का कदाचित चाळीस भरणार नाही, आणि तो अर्जही करणार नाही. पण पीएच. डी. च्या मौखिकीत त्याच्या प्रबंधाची कसोटी लागावयाची की त्याच्या वाणीची, हे त्या दिवशी टेबलाभोवती बसलेले परीक्षकच ठरवीत असतात. प्रश्न आधी लिहून देणे, उत्तराला अधिक अवकाश देणे, वाक्य त्याच्या तोंडातून काढून आपण पुरे न करणे, यासाठी कोणत्याही मंडळाच्या ठरावाची गरज नसते. श्रवणदोष असलेल्या विद्यार्थिनीसाठी मात्र सांकेतिक भाषेचा दुभाषी आधी ठरवावा लागतो, आणि समाजशास्त्र किंवा भौतिकशास्त्र यांतील मराठी पारिभाषिक संज्ञांना कोणते संकेत योजावयाचे हे त्या दोघांना मौखिकीपूर्वी बसून निश्चित करावे लागते. हे काम मौखिकीच्या सकाळी होत नाही. त्याची सुरुवात मार्गदर्शकाने तारीख कळविण्याच्या दिवशीच करावी लागते.